पेटीतले विमान

प्रस्तावना

लहानपणी वहीचे पान फाडून त्याचे विमान तुम्ही नक्कीच केले असेल. चार-सहा घड्या घातल्या की ते विमान उडायला सज्ज होत असे. परंतु एखाद्या खऱ्या विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती करायची असेल, तर काय करावे लागेल? बाजारात प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या पेट्या मिळतात. त्यांतील भाग कापून, घासून, जोडून आणि रंगवून तळहातावर मावेल असे विमान तयार करता येते. वरवर पाहता हा केवळ खेळ वाटतो. प्रस्तुत लेखाच्या लेखकाला मात्र या छंदात कामाची एक शिस्त दिसली. म्हैसूरमधील जयलक्ष्मीपुरम या वस्तीत गेलेल्या बालपणाची आठवण सांगत त्याने पेटी कशी निवडावी, प्रतिकृती कशी बांधावी आणि चूक झाल्यास काय करावे, हे या पाठात मांडले आहे. आपल्या देशातील विमाननिर्मितीचा आरंभ कसा झाला, हेही त्या ओघात आपल्याला समजते.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्ही –

- प्रतिकृतीचे 'प्रमाण' म्हणजे काय, हे उदाहरणाने स्पष्ट करू शकाल;
- विमानाच्या प्रतिकृतीची पेटी निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे सांगू शकाल;
- प्रतिकृती बांधण्याच्या कृतीचे टप्पे क्रमाने लिहू शकाल;
- भारतातील विमाननिर्मितीच्या आरंभाचा थोडक्यात परिचय करून देऊ शकाल;
- साधे क्रियापद आणि प्रयोजक क्रियापद यांतील फरक ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. पेटीवरचे नाव

वडिलांच्या नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड म्हैसूरला आले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. जयलक्ष्मीपुरम या वस्तीत आम्हाला घर मिळाले. घरात मराठी आणि अंगणाबाहेर कन्नड, अशा दोन भाषांत आमचा दिवस जाई. शेजारच्या घरात एक वृद्ध गृहस्थ राहत. ते मूळचे बेळगावकडचे. बंगळूरच्या विमान कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांनी उभी हयात घालवली होती आणि निवृत्तीनंतर ते म्हैसूरला येऊन राहिले होते. परमुलखात मराठी बोलणारा शेजारी भेटला, याचा आमच्या घरी सर्वांनाच आनंद झाला. मी त्यांना 'आजोबा' म्हणू लागलो.

नॅट नावाच्या लढाऊ विमानाच्या कथा मला आजोबांनीच सांगितल्या. आकाराने चिमुकले असलेल्या या विमानाने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मोठा पराक्रम गाजवला. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात एकट्याने शत्रूच्या अनेक विमानांशी झुंज देताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना वीरमरण आले. ते नॅट विमानच चालवत होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. हवाई दलात हा सन्मान मिळालेले ते एकमेव वीर होत. ही कथा ऐकल्यापासून आपल्याकडे नॅट असावे, असा मला ध्यास लागला.

वर्षभर साठवलेले पैसे घेऊन मी वडिलांबरोबर बंगळूरला गेलो. एका दुकानाच्या काचेआड प्लास्टिकच्या विमानांच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. त्यांपैकी एकीवर 'नॅट' हे नाव दिसताच मी दुसरीकडे पाहिलेही नाही. पेटी विकत घेतली आणि परतीच्या आगगाडीत ती मांडीवर धरून बसलो.

घरी येऊन पेटी आजोबांपुढे उघडली. त्यांनी भाग एकेक करून न्याहाळले. मग ते म्हणाले, "अरे, यात बसायच्या जागा दोन आहेत. सेखोंच्या विमानात एकच होती. हे विलायतेतलं शिकाऊ वैमानिकांचं नॅट. तांबड्या रंगाची ही विमानं कसरती करायची. तू नाव वाचलंस, विमान वाचलं नाहीस."

मी हिरमुसलो. त्यावर आजोबा हसून म्हणाले, "हरकत नाही. हे बांधूया. शिकाऊ माणसाला शिकाऊ विमानच बरं."

२. प्रमाणाची भाषा

त्या दिवशी आजोबांनी मला पेटी 'वाचायला' शिकवले. पेटीवर विमानाच्या नावाबरोबर एक अपूर्णांक छापलेला असतो : १/७२, १/४८, १/३२ किंवा १/१४४. हे प्रतिकृतीचे प्रमाण होय. १/७२ याचा अर्थ खऱ्या विमानातील बहात्तर सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीत एका सेंटिमीटरने दाखवली आहे. हा बहात्तरचा आकडा प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. परंतु तो फूट-इंचांच्या मापातून आला आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. म्हणून या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. त्याचप्रमाणे १/४८ या प्रमाणात एका फुटासाठी पाव इंच धरलेला असतो.

एकच विमान वेगवेगळ्या प्रमाणांत किती लहानमोठे दिसते, हे एका उदाहरणाने पाहू. एका आसनाच्या नॅट विमानाची लांबी सुमारे पावणेनऊ मीटर होती. त्याची प्रतिकृती १/१४४ प्रमाणात सुमारे ६ सेंटिमीटर, १/७२ प्रमाणात १२ सेंटिमीटर, १/४८ प्रमाणात १८ सेंटिमीटर आणि १/३२ प्रमाणात २७ सेंटिमीटर भरेल. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अपूर्णांकातील खालचा आकडा जितका मोठा, तितकी प्रतिकृती लहान.

प्लास्टिकच्या विमानांच्या पेट्या प्रथम इंग्लंडमध्ये १९३६ साली फ्रॉग या नावाने निघाल्या. त्यांचे प्रमाण १/७२ होते. पुढे १९५३ साली एअरफिक्स या कंपनीने दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाची स्वस्त पेटी काढली. तेव्हापासून हा छंद सामान्य घरांतील मुलांपर्यंत पोचला. आजही सर्वाधिक प्रकारची विमाने १/७२ याच प्रमाणात मिळतात.

३. निवड कशी करावी?

पहिली पेटी निवडताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न : मला नेमके कोणते विमान हवे आहे? एकाच नावाची विमाने अनेक रूपांत असतात. नाशिकजवळच्या ओझर येथे ज्याचे उत्पादन झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी जे भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले, त्या मिग-२१ विमानाचेच पाहा. त्याच्या आरंभीच्या रूपात पाठीचा उंचवटा लहान होता, तर नंतरच्या 'बिस' या रूपात तो चांगलाच फुगीर झाला. म्हणून नावापुढील अक्षरे व आकडे काळजीपूर्वक वाचावेत. पेटीत भारतीय हवाई दलाची चिन्हे आहेत की नाहीत, हेही पाहावे.

दुसरा प्रश्न : भाग किती आहेत? पेटीवरील चित्र चित्रकाराने रंगवलेले असते. त्यातील आग आणि ढग आत मिळत नाहीत! आत मिळतात ते भाग. नवशिक्याने तीस ते पन्नास भागांची पेटी घ्यावी. शेकडो भागांची पेटी उत्साहाने आणली जाते आणि अर्धवट सोडून माळ्यावर टाकली जाते.

तिसरा प्रश्न : माझ्याकडे जागा आणि साधने किती आहेत? भिंतीवरच्या एका फळीवर १/७२ प्रमाणातील दहा-बारा लढाऊ विमाने सहज राहतात. १/३२ प्रमाणातील दोन-तीनच मावतात. शिवाय पेटीची किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. रंग, कुंचले, चिकटद्रव्य आणि पॉलिश पेपर यांचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.

चौथा प्रश्न : साचा जुना आहे की नवा? जुन्या साच्यातून काढलेले भाग नव्या आकर्षक पेटीत घालूनही विकले जातात. अशा भागांना कडेने पातळ पापुद्रे सुटलेले असतात आणि सांधे नीट बसत नाहीत. अनुभवी माणूस ते दुरुस्त करतो. नवशिका मात्र निराश होतो. म्हणून शक्य असेल तर आधी बांधून पाहिलेल्या कोणाला तरी विचारावे.

४. बांधणी : आतून बाहेर

आजोबांनी मला पहिले तीन दिवस चिकटद्रव्याच्या बाटलीला हात लावू दिला नाही. आधी भाग मोजायचे. माहितीपत्रकातील क्रमांकांशी ते ताडून पाहायचे. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवायचे, कारण साच्यातून सुटताना भागांना लागलेला तेलकटपणा राहिला, तर रंग धरत नाही.

सर्व भाग प्लास्टिकच्या एका चौकटीला जोडलेले असतात. तिला छांदिष्ट मंडळी 'स्प्रू' म्हणतात. भाग हाताने पिळून तोडू नये. लहान कटरने किंचित अंतर राखून कापावा, राहिलेला खुंट पात्याने तासावा आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा. पाते नेहमी बोटांपासून दूर जाईल असे चालवावे.

यानंतर कोरडी जोडणी. म्हणजे काहीही न चिकटवता भाग एकमेकांत बसवून पाहणे. कोठे फट राहते, कोठे कड अडते, हे येथेच कळते. चिकटवल्यानंतर समजलेली चूक दहापट महाग पडते.

बांधणी आतून बाहेर होते. वैमानिकाची आसने, उपकरणांची पाटी, दांडा हे सारे आधी रंगवून धडाच्या आत बसवायचे आणि मगच धडाचे दोन अर्ध मिटवायचे. या कामाला लागणारे सिमेंट हे साध्या डिंकासारखे नसते. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि दोन भाग एकजीव करते. म्हणून ते थेंबभरच वापरावे. जास्त झाले तर बाहेर ओघळते आणि त्यावर बोट टेकले तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. खोलीची खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास ज्योत असू नये. सांध्यात फट राहिलीच, तर लांबी भरून, वाळल्यावर घासून घ्यावी.

पारदर्शक छताची गोष्ट वेगळी. झटपट चिकटणाऱ्या द्रव्याच्या वाफेने त्यावर पांढरे धुके चढते आणि ते निघत नाही. तेथे फेव्हिकॉलसारखे पांढरे चिकटद्रव्यच योग्य. ते वाळल्यावर दिसेनासे होते.

रंगाचा एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत. फिका रंग आधी आणि गडद रंग नंतर. दोन थरांमध्ये रंग पूर्ण वाळू द्यावा. पावसाळी दमट हवेत तर अधिकच वाट पाहावी. शेवटी पाण्यात भिजवून लावायची चिन्हे येतात. त्यांना डिकॅल म्हणतात. चकचकीत पृष्ठभागावर ती सपाट बसतात. खरबरीत रंगावर त्यांच्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसू लागतात. म्हणून आधी चकाकीचे वॉर्निश, त्यावर डिकॅल आणि हवे असल्यास शेवटी मंद वॉर्निश, असा क्रम ठेवावा.

५. शेपटीवर बसलेले विमान

माझे विमान तयार झाले. तांबडा रंग छान चढला होता. चाके बसवून मी ते टेबलावर ठेवले आणि त्याचे नाक हळूच वर गेले. विमान शेपटीवर बसले! पुन्हा खाली दाबले, तर पुन्हा वर.

मी माहितीपत्रक काढले. नाकापाशी वजन ठेवण्याची खूण तिसऱ्या आकृतीत स्पष्ट होती. या विमानाला एक चाक पुढे आणि दोन चाके पंखांखाली असतात. मागची बाजू जड झाली, तर ते उलटून शेपटीवर बसणारच. धड मिटवण्याची मला इतकी घाई झाली होती, की ती आकृती मी ओलांडून गेलो होतो. त्या दिवशी आजोबा गावाला गेले होते. त्यांना कळू नये, म्हणून मी आगपेटीतील काडीचा तुकडा तासून तांबडा रंगवला आणि शेपटीखाली टेकू म्हणून चिकटवला. विमान सरळ उभे राहिले. लांबून पाहणाऱ्याला काही दिसले नसते.

आजोबा परत आले. त्यांनी विमान हातात घेतले, फिरवून पाहिले आणि जागेवर ठेवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी मीच म्हणालो, "आजोबा, वजन घालायचं राहिलं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "काडी लावलीस तर विमान उभं राहील. पाहुण्यांना कळणारही नाही. पण ते काडीवर उभं आहे, हे तुला रोज दिसेल. आम्ही कारखान्यात कागदावर सही करायचो. त्या सहीवर भरवसा ठेवून कोणीतरी विमानात बसायचं. त्यानं आमचं तोंडही पाहिलेलं नसायचं. तेव्हा चूक झाली, तर ती झाली असं सांगायचं. ती झाकली, की दुसरी चूक सुरू होते."

मी खजील झालो. मग आजोबांनीच वाट सुचवली. सायकलच्या दुकानातून आम्ही बारीक छर्रे आणले. पुढचे चाक काढले, त्या खाचेत बारीक भोक पाडले आणि एकेक छर्रा आत सोडला. प्रत्येक वेळी विमान टेकवून पाहत गेलो. नवव्या छर्‍याला नाक खाली आले आणि खालीच राहिले. भोक लांबीने बुजवले, काडी काढून टाकली. शेपटीखाली काडीची खूण मात्र राहिली. मी ती घासायला निघालो, तर आजोबा म्हणाले, "राहू दे."

६. जोडण्यापासून घडवण्यापर्यंत

एका संध्याकाळी मी आजोबांना विचारले, "दुसऱ्यानं केलेले भाग आपण फक्त जोडायचे. त्यात आपलं असं काय?" त्यांनी मला त्यांच्या कारखान्याची कथा सांगितली.

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तोवर विमान बनवण्याचा अनुभव देशात जवळजवळ नव्हताच. १९४१ साली तेथून बाहेर पडलेले पहिले विमान हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान होते. त्याचे भाग अमेरिकेहून आले होते. येथे ते जोडले गेले. महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा घेतला. पुढे १९६४ साली याच कारखान्यापासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड ही संस्था आकाराला आली.

परंतु जोडणारे हात तेथेच थांबले नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रान्टल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विमानशास्त्र शिकवले आणि पुढे कारखान्याच्या आराखडा विभागाचे नेतृत्व केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली एचटी-२ हे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान तयार झाले. १९५१ साली त्याने प्रथम उड्डाण केले. कंपनीच्या स्वतःच्या आराखड्यातून उत्पादनापर्यंत पोचलेले हे पहिले विमान होय. डॉ. घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली.

नॅटचा प्रवासही असाच झाला. आरंभीची विमाने इंग्लंडहून तयार आली. नंतर अर्धवट बांधलेली आली, मग जोडभाग आले. मे १९६२ मध्ये भारतात बनवलेल्या भागांचे पहिले नॅट उडाले. पुढे त्याच्या उणिवा हेरून त्याची सुधारलेली आवृत्ती येथेच निर्माण झाली. तिचे नाव 'अजित'.

आजोबा म्हणाले, "जोडता जोडता भाग तसा का केलाय, ते कळतं. ते कळलं, की वेगळा करावासा वाटतो. पण आधी नीट जोडायला हवं."

दोन वर्षांनी मी एचटी-२ ची प्रतिकृती केली. तिची पेटी माझ्याकडे नव्हती. आजोबांनी आठवणीतून तीन बाजूंची आकृती काढून दिली. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, म्हणजे १/७२ प्रमाणात सुमारे पंधरा सेंटिमीटर. हलक्या लाकडाचे धड कोरले, प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे पंख कापले. एक पंख दुसऱ्यापेक्षा किंचित जाड झाला. ते मी आजोबांना आधीच सांगून टाकले.

विमान टेबलावर ठेवले, तेव्हा त्याचे नाक वर होते आणि शेपटी टेकली होती. मी घाबरून आजोबांकडे पाहिले. ते मोठ्याने हसले. "अरे, याचं तिसरं चाक शेपटीखालीच असतं. हे असंच बसायला हवं!"

त्या गोष्टीला आता चाळीस वर्षे झाली. आजोबा नाहीत. तांबडे नॅट आणि पांढरट एचटी-२ माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आहेत. एक नाक खाली करून उभे आहे, दुसरे नाक वर करून. घरी येणारी मुले नॅट उचलून पाहतात आणि शेपटीखालच्या खुणेविषयी हमखास विचारतात. मी त्यांना सारे सांगतो.

शब्दार्थ

बिऱ्हाड – राहते घर, कुटुंबासह वास्तव्य
तपासनीस – तपासणी करणारा अधिकारी
न्याहाळणे – बारकाईने पाहणे
हिरमुसणे – निराश होणे
साचा – वस्तूला ठरावीक आकार देणारे साधन
लांबी – फटी बुजवण्याचे मऊ द्रव्य
टेकू – आधार
छर्रे – चाकाच्या आसात बसवायच्या पोलादी गोळ्या
वायुगतिशास्त्र – वाहत्या हवेचा आणि तीतून जाणाऱ्या वस्तूंचा अभ्यास

समजून घेऊ या

या पाठात माहिती आणि आठवण यांची सांगड घातली आहे. पेटीची निवड आणि बांधणीचे टप्पे हा माहितीचा भाग आहे. चुकीची पेटी आणणे, वजन विसरणे, काडी लावणे हा आठवणीचा भाग आहे. लेखकाच्या दोन चुका सारख्या नाहीत. पहिली अज्ञानातून झाली, दुसरी घाईतून. काडी लावणे ही मात्र चूक नव्हती. ते चूक झाकणे होते. आजोबा पहिल्या चुकीवर हसतात आणि काडी पाहून गप्प होतात. हा फरक लक्षात घ्या. शेवटी लेखक पंखाचा दोष आधीच सांगून टाकतो. या एका वाक्यातून तो काय शिकला, हे आपल्याला कळते.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.

१. १/७२ आणि १/४८ या प्रमाणांत एकाच विमानाच्या प्रतिकृती केल्या, तर –
(क) पहिली मोठी होईल (ख) दुसरी मोठी होईल (ग) दोन्ही सारख्या होतील

२. लेखकाचे विमान शेपटीवर बसले, कारण –
(क) चाके चुकीची होती (ख) रंग जास्त झाला होता (ग) नाकात वजन घातले नव्हते

३. एचटी-२ या विमानाच्या निर्मितीचे मार्गदर्शक होते –
(क) वालचंद हिराचंद (ख) डॉ. विष्णू माधव घाटगे (ग) लुडविग प्रान्टल

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.

१. पारदर्शक छतासाठी झटपट चिकटणारे द्रव्य का वापरू नये?
२. 'कोरडी जोडणी' म्हणजे काय?

भाषाभ्यास : प्रयोजक क्रियापद

पुढील वाक्ये वाचा.

१. विमान शेपटीवर बसले.
२. मी धडाच्या आत आसने बसवली.

पहिल्या वाक्यात बसण्याची क्रिया विमान स्वतः करते. दुसऱ्या वाक्यात कर्ता स्वतः बसत नाही, तर आसने बसतील असे करतो. मूळ धातूला 'अव' हा प्रत्यय लागून 'बसव' असा धातू तयार झाला आहे. अशा क्रियापदाला प्रयोजक क्रियापद म्हणतात.

पुढील क्रियापदांची प्रयोजक रूपे लिहून वाक्यांत उपयोग करा : वाळणे, उडणे, भिजणे.

तुम्ही काय शिकलात?

- प्रतिकृतीचे प्रमाण खऱ्या वस्तूशी तिचे नाते सांगते.
- पेटी निवडताना विमानाचे नेमके रूप, भागांची संख्या, जागा व खर्च आणि साच्याचे वय पाहावे लागते.
- बांधणीत क्रम महत्त्वाचा असतो. वगळलेला टप्पा पुढे अडचण निर्माण करतो.
- झालेली चूक मान्य करून दुरुस्त करणे हाच खरा मार्ग होय.
- भारतातील विमाननिर्मिती परदेशी भाग जोडण्यापासून सुरू झाली आणि स्वतःच्या आराखड्यापर्यंत पोचली.

पाठान्त प्रश्न

१. "तू नाव वाचलंस, विमान वाचलं नाहीस," या आजोबांच्या उद्गाराचा अर्थ स्पष्ट करा.
२. प्रतिकृती बांधण्याचे टप्पे आपल्या शब्दांत क्रमाने लिहा.
३. हार्लो ते अजित या प्रवासाचे पाठाच्या आधारे वर्णन करा.
४. आजोबांनी काडीची खूण तशीच राहू दिली. त्यामागील हेतू काय असावा? तुमचे मत लिहा.
५. एखादे काम करताना तुमच्याकडून घाईत राहून गेलेला टप्पा आणि त्याचा परिणाम यांविषयी दहा ओळी लिहा.

उपक्रम

तुमच्या घरातील एखादी वस्तू, उदाहरणार्थ पलंग किंवा कपाट, मोजा. १/४८ प्रमाणात तिची लांबी, रुंदी व उंची किती येईल, ते काढा आणि पुठ्ठ्याची प्रतिकृती करा. प्रतिकृतीत राहिलेल्या उणिवांची यादीही तिच्यासोबत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. (ख) २. (ग) ३. (ख)

(आ) १. त्या द्रव्याच्या वाफेने पारदर्शक छतावर न निघणारे पांढरे धुके चढते, म्हणून ते वापरू नये.
२. काहीही न चिकटवता भाग एकमेकांत बसवून पाहणे म्हणजे कोरडी जोडणी होय.